जुन्या रेडिओला एफएम अँटेना: आधी सेट तपासा, मग वायर कापा, बूस्टर सगळ्यात शेवटी

माळ्यावरचा जुना रेडिओ खाली काढला, पुसला, एफएमवर लावला आणि नुसती खरखर आली की लोक सरळ तालुक्याला जातात आणि बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, नाहीतर टीव्हीची काड्यांची अँटेना घेऊन येतात. ती लावूनही खरखर तशीच राहते, पैसे गेलेले असतात, आणि मग "आपल्या गावात एफएम येतच नाही" असं ठरवून सेट परत माळ्यावर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातले कितीतरी सेट चांगले असतात आणि त्यांना दीड मीटर वायरच पुरली असती, फक्त ती बरोबर मापाची, बरोबर भोकात आणि बरोबर दिशेनं लागायला पाहिजे होती. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एकेक पायरी तपासून झाली की पुढची.

सामान आधी जमवा

पेचकस, पक्कड, टेस्टर, मीटर टेप, ब्लेड, इन्सुलेशन टेप आणि एक साधा मल्टिमीटर. वायर म्हणून जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळातली चपटी पट्टी वायर मिळाली तर उत्तम, तिला ३०० ओहमची वायर म्हणतात, जुन्या टीव्ही मेकॅनिककडे अजून गुंडाळी पडलेली असते, नाहीतर नागपूरच्या सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत विचारा. पाच-सहा मीटर घ्या. नाहीच मिळाली तर लाइट फिटिंगची साधी दोन पदरी वायर पण चालते, तिचं पुढं सांगतो.

आणि एक गोष्ट जी कोणीच घेत नाही, चालू स्थितीतला खिशातला एफएम रेडिओ किंवा एफएम असलेला जुना बटनांचा मोबाइल, इअरफोनसहित. इअरफोनची वायर हीच त्याची अँटेना असते. तुमच्या अंगणात, तुमच्या छतावर हवेत नेमकं कोणतं स्टेशन आहे हे त्याच्यावरून कळतं. हे माहीत नसताना जुन्या सेटवर स्टेशन शोधत बसलात तर दोष सेटचा, अँटेनाचा की जागेचा हे कधीच कळणार नाही.

पायरी १: सेटमध्ये एफएम आहे का?

हसू नका, सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. आपल्याकडच्या घराघरात जे जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, लाकडी रेडिओ आहेत, मर्फी, बुश, एचएमव्ही, फिलिप्स, त्यातल्या बहुतेकांत फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असतं. भारतात एफएम प्रसारणच १९७७ साली मद्रासला सुरू झालं, तर त्याच्या आधी इथल्या बाजारासाठी बनलेल्या सेटमध्ये एफएम कोण टाकणार. अशा सेटला जगातली कोणतीही एफएम अँटेना लावा, काही येणार नाही.

डायल पाहा. ८८ ते १०८ असे आकडे, किंवा एफएम, व्हीएचएफ, यूकेडब्ल्यू असं काही लिहिलेलं असलं तर एफएम आहे. यूकेडब्ल्यू किंवा नुसतं यू हे जर्मन सेटवर असतं, ग्रुंडिग, टेलिफुंकन, नॉर्डमेंडे वगैरे. डायल पुसली गेली असेल तर प्लग काढून मागचं झाकण उघडा आणि व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा, हात न लावता. ईसीसी८५ नावाचा व्हॉल्व्ह दिसला तर तो बहुतेक एफएम ट्यूनरचा आहे, आणि ईएबीसी८० पण असला तर मग शंकाच नको.

एफएम नाही निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, त्या सेटचा मार्ग वेगळा आहे. मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर असतं, त्याला दहा-पंधरा मीटर लांब वायर आणि चांगलं अर्थिंग लागतं, डायपोल, म्हणजे एफएमची दोन हातांची अँटेना, लागत नाही. या लेखाचा पुढचा भाग मग तुमच्या कामाचा नाही.

सावध: कित्येक वर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा सेट सरळ प्लगात घालू नका. आतले फिल्टर कंडेन्सर वाळलेले असतात, फुटतात, सोबत ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी जाणकार मेकॅनिकला दाखवा. आणि सेट बंद केल्यावरही त्या कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्टचा झटका बसून राहतो, म्हणून आत बोटं घालायची नाहीत.

पायरी २: पट्टा कुठून कुठपर्यंत आहे?

एफएम आहे एवढ्यानं भागत नाही. आपल्याकडं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. पण १९५०-६० च्या दशकातल्या जर्मन सेटचा पट्टा बहुधा १०० ला संपतो, नंतरच्या काहींचा १०४ ला. जपानमधल्या विक्रीसाठी बनलेले सेट ७६ ते ९० चे असतात. जुने रशियन सेट तर ६६ ते ७३ च्या आसपास चालतात, त्यांच्यावर आपलं एकही स्टेशन बसत नाही.

आता आपल्या भागात याचा अर्थ काय होतो ते पाहा. नागपूरचं माय एफएम ९४.३, मिर्ची ९८.३, विविध भारती १००.६. यवतमाळ आकाशवाणी १०२.७, चंद्रपूर १०३. म्हणजे १०० ला संपणारा जर्मन सेट घेऊन तुम्ही चंद्रपूरजवळ बसला असाल तर आकाशवाणी अगदी शेजारी असूनही सेटवर येणारच नाही, आणि तुम्ही अँटेना उंच करत राहाल. १००.६ कधीकधी काटा पूर्ण टोकाला नेल्यावर लागतं, कारण डायल छापल्यापेक्षा थोडी पुढं जाते, पण त्यावर भरवसा नको.

काही जर्मन डायलवर मेगाहर्ट्झ नसतातच, चॅनल नंबर असतात. मग खिशातल्या रेडिओवर एक ओळखीचं जोरदार स्टेशन लावा, तेच जुन्यावर शोधा आणि तिथं पेन्सिलनं खूण करा.

ट्यूनरच्या आतले ट्रिमर, म्हणजे जुळवणीचे छोटे स्क्रू, फिरवून पट्टा वर सरकवता येतो, पण ते काम मेकॅनिकचं. पेचकस घेऊन स्वतः फिरवू नका, एकदा बिघडलं की पूर्ण सेट पुन्हा जुळवावा लागतो.

तपासा: एफएमवर लावून, अँटेना न जोडता, आवाज पूर्ण वाढवा. जोरात 'श्श्श' असा आवाज आला पाहिजे. तो आला तर सेट बहुधा जिवंत आहे, अँटेनाचं काम सुरू करा. काहीच आलं नाही, अगदी शांत, तर दोष सेटमध्ये आहे आणि अँटेनावर एक रुपया पण घालू नका. त्याच वेळी घरातलं व्होल्टेज मोजा. शेतीच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर आलं की व्हॉल्व्हचा ट्यूनर अशक्त होतो, कधी पूर्ण बंद पडतो, आणि लोक अँटेनाला दोष देतात. परदेशी सेटच्या मागं ११०-१२७-२२० असा व्होल्टेजचा खटका असतो तो २२० किंवा २४० वर आहे का ते पण आत्ताच पाहून घ्या.

पायरी ३: मागची भोकं ओळखा

जुन्या सेटच्या मागं अँटेनासाठी दोन वेगळ्या जोड्या असतात. एक मीडियम-शॉर्ट वेव्हची, तिथं अँटेना आणि अर्थिंगची खूण असते. दुसरी एफएमची, तिथं डायपोलची खूण, म्हणजे टीसारखी दोन हातांची आकृती, नाहीतर यूकेडब्ल्यू, एफएम, ३०० ओहम, २४० ओहम असं लिहिलेलं. लोक वायर पहिल्या जोडीत खुपसतात कारण तिथं ठळक 'अँटेना' लिहिलेलं असतं. एफएमला त्याचा उपयोग नाही.

जर्मन सेटच्या लाकडी पेटीत आतूनच एक डायपोल चिकटवलेला असतो, पत्र्याच्या पट्टीचा किंवा वायरचा, आणि तो मागं एका छोट्या प्लगनं किंवा पट्टीनं एफएमच्या भोकांना जोडलेला असतो. बाहेरची अँटेना लावताना तो आतला डायपोल काढून ठेवायचा. दोन्ही सोबत राहिले तर एकमेकांचा सिग्नल खातात. काढलेला प्लग फेकू नका, सेटमध्येच दोऱ्यानं बांधून ठेवा.

७०-८० च्या दशकातल्या टू-इन-वन आणि ट्रान्झिस्टर सेटला ही भोकं नसतात, फक्त ओढायची काडी असते. त्यात आधी काडीच तपासा. बुडाचा स्क्रू गंजलेला असतो किंवा आतून येणारी वायर तुटलेली असते, आणि काडी दिसायला ताठ, पण सर्किटशी संबंधच नाही. मल्टिमीटरनं काडीच्या टोकापासून बुडापर्यंत आणि बुडापासून आतल्या वायरपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोड सलग आहे का ते, पाहा. कितीतरी सेट इतक्यावरच बोलायला लागतात. अशा सेटला बाहेरची अँटेना जोडायची असेल तर काडी पूर्ण आत ढकला, केबलची मधली तार तिला चिमट्यानं लावा आणि केबलची जाळी बॅटरीच्या मायनस स्प्रिंगला.

सावध, आणि हे खरंच मनावर घ्या: काही जुन्या व्हॉल्व्ह सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांना एसी-डीसी सेट म्हणतात. त्यांची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, सरळ लाइटच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चासीवर पूर्ण २३० व्होल्ट, आणि जर अँटेनाच्या भोकाचा आतला कंडेन्सर फुटलेला असेल तर तोच करंट तुमच्या अँटेनावर, छतावरच्या पाइपावर, ओल्या भिंतीवर. व्हॉल्व्हचे नंबर यू अक्षरानं सुरू होत असतील, यूसीएच, यूएल४१, यूवाय४१ असे, तर तो एसी-डीसी सेट समजा. प्रत्येक सेटवर हे करा: सेट चालू करून अँटेनाच्या भोकाला आणि मागच्या उघड्या स्क्रूंना टेस्टर लावा, मग प्लग उलटा घालून पुन्हा लावा. टेस्टर कुठंही पेटला तर अँटेना जोडायची नाही, मेकॅनिककडे न्यायचा. यात "थोडासाच पेटतो" असं काही नसतं.

पायरी ४: स्टेशन कुठल्या दिशेला आणि किती लांब

एफएमचा सिग्नल जवळपास सरळ रेषेत जातो, जमिनीच्या गोलाईमागं फार वाकत नाही. हिशोब सोपा आहे. टॉवरच्या उंचीचं वर्गमूळ आणि तुमच्या अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्ही मीटरमध्ये, त्यांची बेरीज गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. समजा टॉवर १०० मीटरचा आहे आणि तुमची अँटेना २ मीटरवर, तर ४७ किलोमीटर. तीच अँटेना ९ मीटरवर नेली तर साधारण ५४. हे सपाट वावरांच्या मुलखासाठी. त्याच्या पुढंही थोडं येतं, पण कमजोर आणि हवेप्रमाणं बदलणारं, पहाटे छान आणि दुपारी गायब. मेळघाटात, धारणीच्या बाजूला डोंगराआड असाल तर हा हिशोब लागू नाही, तिथं समोरचा डोंगरच सगळं ठरवतो.

मोबाइलच्या नकाशावर तुमचं गाव आणि ते शहर यांच्यात सरळ रेघ पाहा. रस्त्याचं अंतर धरू नका. डायपोलचा नियम असा की त्याला त्याच्या अंगाच्या काटकोनात, दोन्ही बाजूंनी ऐकू येतं, आणि दोन्ही टोकांच्या दिशेनं जवळजवळ काहीच येत नाही. त्यामुळं बाणासारखं टोक स्टेशनकडं करून लावणं, जे निम्मे लोक करतात, ते अगदी उलटं आहे.

उदाहरण घ्या. वर्ध्याहून नागपूर ईशान्येला, सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. तर डायपोलचे हात वायव्य-आग्नेय असे पसरवायचे. गंमत अशी की वर्ध्याहून यवतमाळ जवळपास बरोबर उलट्या दिशेला, नैऋत्येला आहे, म्हणजे एकाच डायपोलला एकाच जागी दोन्ही बाजू मिळतात. तिथं महागाची एकतर्फी यागी अँटेना लावली तर उलट एक बाजू गेली. उमरेडहून नागपूर वायव्येला, चाळीसेक किलोमीटर, तर हात ईशान्य-नैऋत्य. असं आपापल्या गावाचं आधी कागदावर काढून घ्या.

पायरी ५: डायपोल बनवा

मापाचं सूत्र: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये, आणि ही दोन्ही हातांची मिळून लांबी.

- ९४.३ साठी १.५२ मीटर
- ९८.३ साठी १.४५ मीटर
- १००.६ साठी १.४२ मीटर
- १०३ साठी १.३९ मीटर

सगळंच ऐकायचं असेल तर १.४५ धरा. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरनं काही बिघडत नाही, पण "लांब असली तर जास्त पकडेल" म्हणून चार मीटर वायर लावली तर ती एफएमसाठी डायपोल राहिली नाही, कुठल्या दिशेनं काय पकडेल सांगता येत नाही.

चपट्या वायरचा, म्हणजे घडीचा डायपोल असा करा. १.४५ मीटरचा तुकडा कापा. दोन्ही टोकांना दोन्ही तारा सोलून एकमेकींना पिळा आणि कथील लावा, म्हणजे एक लांबट बंद कडी झाली. आता बरोबर मध्यावर दोन तारांपैकी एकच तार कापा, दुसरी अखंड राहू द्या. कापलेली दोन टोकं अर्धा-एक सेंटिमीटर सोला आणि त्यांना त्याच चपट्या वायरचा दुसरा लांब तुकडा जोडा, एक तार एका टोकाला, दुसरी दुसऱ्याला. हा तुकडा खाली सेटकडं जाईल. सगळं मिळून टी अक्षर दिसलं पाहिजे. याचा मेळ साधारण ३०० ओहमशी बसतो, आणि जुन्या सेटची एफएमची भोकं २४० ते ३०० ओहमचीच असतात, मध्ये काही लावायची गरज नाही.

दोन पदरी साध्या वायरचा असेल तर ७२ सेंटिमीटरपर्यंत दोन्ही पदर उकलून दोन बाजूंना सरळ ताणा, जिथं उकलणं थांबतं तिथं गाठ मारा, उरलेली वायर सेटकडं. याचा मेळ ३०० शी बसत नाही, थोडा सिग्नल वाया जातो, पण नागपूर किंवा यवतमाळपासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत ते जाणवत पण नाही. लांबच्या गावाला मात्र चपटीच घ्या.

तपासा: घडीच्या डायपोलच्या खालच्या दोन टोकांवर मल्टिमीटरनं कंटिन्युइटी दाखवली पाहिजे, कारण ती बंद कडी आहे. नाही दाखवली तर टोकाचं कथील नीट लागलं नाही. साध्या डायपोलवर याच्या उलट, कंटिन्युइटी दिसली तर कुठंतरी तारा चिकटल्या आहेत.

पायरी ६: आधी घरात फिरवा, खिळा नंतर

डायपोल एका बांबूच्या काडीवर किंवा वेळूवर टेपनं बांधा आणि सेट चालू ठेवून घरभर फिरा, दुसरा माणूस सेटजवळ बसून ऐकेल. सेटवर हिरवा डोळा असला, मॅजिक आय, ईएम८० किंवा ईएम८४ चा, तर तुमचं नशीब चांगलं, तो जितका मिटेल तितका सिग्नल जास्त. नसेल तर कानानं, खरखर कुठं कमी होते त्यावर लक्ष द्या, आवाज कुठं मोठा होतो त्यावर नको, एफएममध्ये सिग्नल वाढला की आवाज वाढत नाही, स्वच्छ होतो.

कवेलूच्या घरात हे काम सोपं, कवेलूतून सिग्नल बऱ्यापैकी आत येतो, आढ्याजवळ आडवा बांधला तरी जमतं. टिनाच्या घरात मात्र छत म्हणजे भिंतच, आतून कितीही फिरवा, खिडकीपाशी किंवा ओसरीवरच काय ते मिळेल. स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी असते, तीच गत थोडी कमी. कूलर, लोखंडी कपाट, आलमारी, विजेच्या बोर्डाची पाइपलाइन यांच्यापासून निदान एक मीटर दूर ठेवा.

एकाच जागी डायपोल आडवा धरून पाहा, मग उभा. एका स्टेशनला आडवा चांगला लागेल, दुसऱ्याला उभा, काहींना दोन्ही सारखे. उभा धरला तर दिशेचा प्रश्नच मिटतो, चारही बाजूंनी सारखं ऐकू येतं. आणि घाई करू नका, या लहरी साधारण तीन मीटरच्या असतात, एक-दीड हात सरकवलं की मेलेलं स्टेशन जिवंत होतं, विशेषतः खोलीत जिथं भिंतींवरून आदळून आलेला सिग्नल पण असतो.

जागा सापडली, स्टेशन स्वच्छ लागलं, तर इथंच थांबा. खिळा ठोका, वायर नीट बसवा, बाहेर जायची गरज नाही.

पायरी ७: छतावर न्यायची असेल तर

घरात नाहीच जमलं तरच. आणि आधी खिशातला रेडिओ घेऊन छतावर जा. तिथंही त्याच्यावर काही येत नसेल तर आणखी उंच बल्ली, म्हणजे लाकडी खांब, लागेल, हे आताच कळलेलं बरं.

जुनी दूरदर्शनची अँटेना पडलेली असली तर ती तशीच लावू नका, पण फेकू पण नका. ज्या अँटेनाच्या काड्या हाताएवढ्या, पाऊण मीटरच्या आसपास आहेत ती १७४ ते २३० मेगाहर्ट्झसाठी बनलेली, एफएमच्या जवळजवळ दुप्पट फ्रिक्वेन्सीसाठी, म्हणून लोकांना ती लावून निराशा येते. पण तिच्या दोन काड्या काढून प्रत्येकी ७२ सेंटिमीटर कापल्या आणि लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर एका रेषेत, मध्ये दोनेक सेंटिमीटर जागा सोडून पक्क्या केल्या, की फुकटात एफएमचा टिकाऊ डायपोल तयार. काडीला काडी लागता कामा नये आणि दोन्हीपैकी एकही काडी लोखंडी पाइपाला लागता कामा नये.

खाली आणायला डिशची आरजी-६ केबल वापरा, ती ७५ ओहमची आहे आणि उघड्या साध्या डायपोलशी तिचा मेळ छान बसतो. मधली तार एका काडीला, जाळी दुसरीला. वीस मीटर केबलमध्ये फारसं काही हरवत नाही. डायपोलच्या अगदी खाली केबलचे पाच-सहा वेटोळे करून टेपनं बांधा, वीतभर रुंदीचे, म्हणजे केबलची जाळी स्वतःच अँटेना बनून घरातला कचरा आवाज वर घेऊन जात नाही. पट्टी वायर छतावरून आणायची असेल तर ती टिनाला आणि पाइपाला चिकटवू नका, पावसात भिजली की तिचं काम बिघडतं, म्हणून बाहेर मी केबलच सांगतो.

सावध: डिशच्या केबलची जाळी बहुतेक ॲल्युमिनियमची असते, तिला कथील लागत नाही. कितीही गरम करा, वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसात सुटतं. स्क्रू, वॉशर आणि दाबायचा थिंबल वापरा. जोडावर ग्रीस, वरून टेप, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि एक प्लास्टिकची डबी पालथी घाला. केबल घरात शिरायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर घ्या म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

पायरी ८: केबल सेटला जोडताना बालन

इथं पुष्कळ जणांचं चांगलं काम वाया जातं. केबल ७५ ओहमची, सेटची भोकं ३०० ची. मध्ये ७५ ते ३०० करणारा छोटा बालन लागतो, जुन्या टीव्हीच्या मागं जो डबीसारखा किंवा दोन शेपट्यांचा तुकडा असायचा तोच. एका बाजूला केबल, दुसऱ्या बाजूच्या दोन तारा सेटच्या दोन भोकांत, कोणती कुठं याला महत्त्व नाही. सेटवर ७५ ओहमचं गोल सॉकेट असेल तर बालन नको, सरळ लावा.

डिशचा स्प्लिटर मध्ये घालू नका, तो ९५० मेगाहर्ट्झच्या वरच्या सिग्नलसाठी असतो. आणि सेटटॉप बॉक्सला चालू जोडलेली केबल तर मुळीच नको, तिच्यात डिशच्या छत्रीसाठी १३ ते १८ व्होल्ट सोडलेले असतात, सेटचा ट्यूनर जाईल.

पायरी ९: वीज, तारा आणि वानरं

आपल्या भागात हा भाग वगळून चालतच नाही. बल्ली किंवा पाइप उभा करताना तो कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. म्हणजे बल्लीची जेवढी उंची त्याच्या दीडपट तरी अंतर, ११ केव्हीच्या लाइनपासून त्याहूनही जास्त. ओल्या जमिनीवर, वारा सुटलेला असताना, एकट्यानं उभारायचं नाही. वावरातल्या एकट्या झाडाच्या शेंड्यावर अँटेना बांधायची कल्पना सोडून द्या, वीज अशाच झाडांवर पडते.

लोखंडी पाइपाला जाड जीआय तार लावून जमिनीत गाडलेल्या रॉडला अर्थिंग द्या. पण अर्थिंग आहे म्हणून वीज पडताना रेडिओ ऐकत बसायचं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे ढग दिसले, किंवा मोबाइलवरच्या दामिनी ॲपनं इशारा दिला, की केबल सेटमधून काढा, टोक घराबाहेर ठेवा, प्लग पण काढा. गडगडाट सुरू झाल्यावर केबल काढायला हात लावू नका, ते आधीच करायचं काम आहे.

वानरांसाठी: ती काडीला लोंबकळतातच. आडव्या डायपोलपेक्षा उभा कमी मोडतो. पाइपाला तिन्ही बाजूंनी ताण द्या आणि काड्यांचा मधला स्क्रू दोन नटांनी कसा.

पायरी १०: अजूनही आवाज येतोय? आवाज ओळखा

- सेकंदा-सव्वासेकंदाला 'टक्, टक्' येत असेल तर ते बहुतेक वावराच्या कुंपणाचं झटका मशीन. स्वतःचं असेल तर बंद करून खात्री करा. कुंपणाच्या तारेला गवत-वेली टेकल्या की ठिणगी पडते आणि आवाज वाढतो, तेवढं गवत कापलं तरी फरक पडतो.
- सतत भणभण, आणि ठरावीक दिवा लावला की सुरू होते: स्वस्त एलईडी बल्ब किंवा मोबाइलचा चार्जर. एकेक बंद करून शोधा. सोलर पंपाचा कंट्रोलर पण असाच ओरडतो, पण फक्त दिवसा.
- गाणं येतं पण शब्द फाटतात, 'स' आणि 'श' चरचरतात: सिग्नल भरपूर असून डोंगरावरून, टाकीवरून आदळून दोन वाटांनी येतोय. अँटेना उंच करून हे जात नाही, बाजूला सरकवून आणि फिरवून जातं.
- एकच स्टेशन डायलवर दोन-तीन जागी, सगळीकडं तेच: सिग्नल गरजेपेक्षा जास्त आहे. शहराजवळ असाल तर अँटेना लहान करा, घरात घ्या.
- सेट गरम झाला की स्टेशन हळूहळू सरकतं: व्हॉल्व्ह सेटमध्ये हे होतं. दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग लावा. अँटेनाचा संबंध नाही.

आता बूस्टर. वरचं सगळं झालं, छतावर खिशातल्या रेडिओवर स्टेशन बऱ्यापैकी येतं, केबल फार लांब आहे आणि खाली येता येता सिग्नल मरतोय, एवढ्याच परिस्थितीत तो घ्यावा. बूस्टर अँटेनापाशी वरच लावायचा, सेटजवळ नाही, कारण सेटजवळ तो आलेल्या खरखरीलाच मोठं करतो. टीव्हीचा जुना बूस्टर घेणार असाल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, यात एफएम ट्रॅप आहे का? काही टीव्ही बूस्टरमध्ये एफएमचा सिग्नल मुद्दाम अडवणारा फिल्टर असतो, आणि तो लावला की आधी येत होतं ते पण जातं. बूस्टर पुढं कधी काढून टाकलात तर त्याचा पॉवर सप्लाय पण केबलवरून काढा, नाहीतर ते व्होल्ट बालनमधून शॉर्ट होऊन अडॅप्टर जळतो.